सुखाला अक्कल लागते: क्षयाबरोबरचे माझे आठ महिने

तुमच्या हातात आजच एक्स-रेचं पाकीट पडलं असेल आणि घरी जायला पाय उचलत नसतील, तर जरा बसा. मीही सरकारी इस्पितळाच्या कट्ट्यावर असाच बसलो होतो. मला फुप्फुसाचा क्षय झाला होता आणि तो पूर्ण बरा झाला, त्याला आता सहा वर्षं होतील. आज मी दोन जिने न थांबता चढतो आणि जेवताना दोन बांगडे सहज संपवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली होणार नाही.

मी दामोदर. गाव भिवंडीजवळ, कोनच्या बाजूला, आणि भिवंडीतच बारा यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा कारखाना. वडील शेती करायचे, मी लूम घेतले. हाताखाली काम करून शिकलो, म्हणून मालक झाल्यावरही खुर्चीत बसलो नाही. मला खाण्याची, खिलवण्याची आणि चार माणसांत मोठ्याने हसण्याची हौस. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला मटणाचं जेवण असतं, ते कसं झालंय हे आधी मला विचारायचे. सुख म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं असतं तर मी ताटाकडे बोट दाखवलं असतं.

कापसाचा खोकला

लूमच्या धंद्यात खोकला आला की कोणी डॉक्टरकडे जात नाही. कापसाचे बारीक तंतू नाकातोंडात जातात, घसा धरतो, त्यावर गूळ खायचा. गुळाने छाती साफ होते, असं सगळेच मानतात. माझ्या कारखान्यात गुळाची ढेप मीच आणून ठेवली होती. ज्याला ढास लागेल त्याने खडा फोडून तोंडात टाकायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. आमचा कारखाना कारागिरांची किती काळजी घेतो, हे मी लोकांना त्या ढेपेवरून सांगायचो.

मी स्वतः चार महिने गूळ खाल्ला. संध्याकाळी अंग तापायचं, ते मी पत्र्याच्या गरमीवर ढकललं. पोट उतरलं, तेव्हा लोक म्हणाले, "दामूशेठ, बारीक झालात, बरे दिसता." मी खूश झालो. अंगातलं मांस झडत होतं आणि मी नवीन पँट शिवायला टाकली होती, इतका मी शहाणा.

याच चार महिन्यांत मी रोज धोट्याला तोंड लावत होतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणारं लाकडी नळकांडं. त्यात सुताची कांडी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी तारेचा आकडा मिळतो, पण आकडा वापरतो तो शिकाऊ. जाणता कारागीर भोकाला तोंड लावतो, झटक्यात श्वास आत ओढतो, आणि सूत ओठांवर येतं. इद्रीस हे काम डोळे मिटून करायचा. आझमगडकडचा तिशीतला हा माणूस माझा सर्वांत चांगला कारागीर. त्याची माझी पैज लागायची, कोण लवकर सूत ओढतो याची. तोच धोटा, आधी त्याचं तोंड, मग माझं, मग पुन्हा त्याचं. हरलेल्याने चहा पाजायचा.

बरणीत नसलेलं औषध

एका सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये लाल दिसलं. मी बायकोला सांगितलं नाही. सरळ हकीमचाचांकडे गेलो.

हकीमचाचा आमच्या वडिलांचे दोस्त. कोकणी मुसलमान, घराण्यात तीन पिढ्यांची युनानी हकिमी. सत्तरीच्या पुढचे, पाठ ताठ, बोलणं चेष्टेखोर. त्यांच्या हकिमीची मुळं ग्रीकांपर्यंत जातात, म्हणून त्या जुन्या ग्रीक विचारवंतांची उर्दू पुस्तकंही त्यांच्या कपाटात बरण्यांच्या शेजारी असायची. मला वाटलं, चाटण देतील, दोन आठवड्यांत मोकळा होईन.

त्यांनी नाडी धरली, पाठीला कान लावला, माझा रुमाल उघडून त्यावरचा लाल डाग बघितला. मग चप्पल घातली.

"उठ, दामू."

"औषध?"

"याचं औषध माझ्या बरणीत नाही. असतं तर तुला विकलंच असतं, मी काय साधू आहे? चल, रिक्षा बोलाव."

आजही मला त्या माणसाचा आदर वाटतो तो यासाठी. आपलं दुकान बंद ठेवून ते माझ्याबरोबर दिवसभर इस्पितळाच्या बाकावर बसले.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाल्या, "क्षय आहे. औषध आहे. आठ महिने, एक दिवस चुकवायचा नाही. तिसऱ्या महिन्यात तुम्हाला बरं वाटेल, तेव्हा तुम्ही औषध सोडाल. तेव्हा सोडलं तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या सहवासात कोण कोण असतं? घरी, कामावर? सगळ्यांना तपासायला आणा."

मी घरच्यांची नावं सांगितली. कामावर मी एकटाच केबिनमध्ये बसतो, असं सांगितलं. माझ्या कारखान्यात केबिनच नव्हती.

वॉर्ड

रक्त पडत होतं म्हणून तीन आठवडे ठेवून घेतलं. सहाला चहा, सातला इंजेक्शन, मग मूठभर गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी लालभडक झाली आणि मी वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर म्हणाली, "गोळीचा रंग आहे, काका. आरडाओरडा करण्याएवढी ताकद आहे, म्हणजे तुम्ही जगणार." सगळा वॉर्ड हसला. महिनाभरात मी पहिल्यांदा हसलो.

एरवी भीती वाटायची नाही. दुपारी, सगळे झोपले की वाटायची. पंखा बघत पडायचं आणि माझ्याशिवाय घर कसं दिसेल ते डोळ्यांपुढे आणायचं. अन्नावरची वासना पार गेली होती. बायको, हिरा, डबा घेऊन यायची, त्यात बोंबलाचं कालवण असायचं, आणि मला वासानेच मळमळायचं. ज्या माणसाने आयुष्यभर ताटातच सुख मानलं, त्याचं ताटच काढून घेतल्यासारखं झालं. मी हकीमचाचांजवळ रडलो, हे लपवत नाही.

ते एक दिवसाआड एसटीने यायचे. त्या दिवशी स्टुलावर बसून म्हणाले, "तू खाणारा माणूस, तुला एका खाणाऱ्याची गोष्ट सांगतो. ग्रीकांत एक होऊन गेला. तो उघड सांगायचा की माणूस सुखासाठी जगतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"माझ्यासारखाच."

"लोकांनाही तेच वाटलं. खादाड, ऐषआरामी म्हणून बदनाम केला बिचाऱ्याला. आणि तो खायचा काय, ठाऊक आहे? रोटी आणि पाणी. कधीतरी चीजचा तुकडा असला की त्याची मेजवानी. एक बाग होती, तिथे दोस्त जमवायचा आणि बोलत बसायचा."

"मग सुख कसलं त्यात?"

चाचांनी माझ्या खाटेजवळच्या कपाटावरून पाण्याचा पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. "तो इच्छांचे तीन ढीग करायचा. तहान लागली, पाणी हवं. भूक, थोडी ऊब, एखादा जिवाचा माणूस. हा पहिला ढीग. याच्याशिवाय चालत नाही, आणि हा भरायलाही सोपा. दुसऱ्या ढिगात तुझे बांगडे. असले तर मजा, नसले तर मरत नाहीस. तिसरा ढीग नावाचा, दराऱ्याचा, लोक काय म्हणतील याचा. त्याला बूडच नाही. कितीही ओत, भरत नाही."

मी पाणी प्यालो. तापाने तोंड कोरडं पडलं होतं, ते पाणी खरंच गोड लागलं. पण मी सहजासहजी मानणारा माणूस नाही. म्हटलं, "आणि मरणाचं काय म्हणतो तुमचा बागवाला?"

"म्हणतो, मेल्यावर तुला काहीच कळणार नाही, मग घाबरतोस कशाला?"

"मला नाही कळणार. हिराला कळेल ना?"

चाचांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन कपाटावर ठेवला. मग म्हणाले, "हो. तिथे त्याचं उत्तर मलाही पुरत नाही."

त्यांनी हे कबूल केलं, म्हणून बाकीच्यावर मी विश्वास ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात भूक लागली. सकाळी अकराला, न सांगता, लहानपणी लागायची तशी. डब्यात तांदळाची भाकरी होती आणि मीठ-मिरची. मी ती भाकरी खाताना हिरा तोंडाला पदर लावून बघत होती. एवढ्या हळदी जेवलो, पण त्या भाकरीची चव अजून आठवते.

निमोनिया

घरी आलो तेव्हा माझं ताट, पेला, वाटी वेगळी झाली होती. पेल्याला हिराने लाल दोरा बांधला होता. मला राग आला आणि मी तो दाखवला. पेला भिंतीवर आपटला. हिरा म्हणाली, "मना काय हौस हाय? पोरी हायत घरात." तिचं बरोबर होतं. अशा घरात दोघंही बरोबर असतात आणि तरी भांडतात, हे तुमच्याकडेही होईल. अशा वेळी तुमच्या डॉक्टरांना विचारा; आमच्या डॉक्टरीणबाईंनी हिराला बसवून समजावलं तेव्हा तो दोरा सुटला.

पण एका गोष्टीवर आमचं दोघांचं एकमत होतं. सगळ्यांना सांगितलं होतं की मला निमोनिया झाला. मोठी मुलगी सुनंदा, तिचं लग्न पडघ्याच्या एका घरी जमत आलं होतं.

"कोनाला सांगाचा न्हाय," हिरा म्हणाली. "क्षय बोलला का पोरीचा लगीन मोरला. आनि कारागीर पलून जातील ते येगला."

मलाही तेच हवं होतं. मी पुन्हा कारखान्यात जाऊ लागलो. आता मी धोट्याला तोंड लावत नव्हतो, कोणी विचारलं तर अशक्तपणा आहे म्हणायचो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की औषध नीट चालू आहे, आता माझ्यापासून कोणाला धोका नाही. मी स्वतःची समजूत घातली की मग सांगायचं तरी काय उरलं?

असे दिवस गेले. एका दुपारी इद्रीस पेढे घेऊन आला. तीन महिन्यांपूर्वी गावी त्याला मुलगी झाली होती. पहिलंच मूल, लग्नानंतर सात वर्षांनी. त्याने तिला अजून बघितलं नव्हतं.

"सेठ, टिकट हो गया. आठ दिन में जाऊँगा. ईद उधरच करूँगा. घरवाली लिखती है, नाक मेरे जैसी है." तो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची ढास लागली. भिंतीला हात टेकून तो खोकत राहिला.

"कब से है?" मी विचारलं.

"धूल है, सेठ. गुड़ खा रहा हूँ ना." आणि त्याने माझ्यासमोर माझ्याच ढेपेतला खडा फोडून तोंडात टाकला.

हातातला उरलेला अर्धा पेढा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

आठ दिवस

पहिले चार दिवस मी काही केलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. धूळही असेल, मी म्हणायचो. सगळ्यांनाच खोकला असतो. पण तीन महिन्यांचं बाळ, आणि सात वर्षं वाट पाहिलेला बाप. तो गेल्या गेल्या तिला उचलणार, तोंडाजवळ धरणार, तिच्या तोंडावर खोकणार. इकडे माझी भूक परतली होती, ताप गेला होता, वजन वाढत होतं. शरीराला सगळं मिळत होतं आणि मला घास गोड लागत नव्हता.

पाचव्या दिवशी चाचांच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "गेले दीड महिने बरा झोपतोस?"

"नाही."

"मग कसलं सुख जपतोयस तू? त्या बागवाल्याचं म्हणणं हेच होतं, दामू. सुखाला अक्कल लागते. आज जे गोड आहे, ते मागून काय घेऊन येणार आहे, हे जो आधी बघतो तो सुखी. लपवलेली गोष्ट उघडकीला येईलच असं तो म्हणत नाही. कदाचित तुझी कधीच येणार नाही. पण येणार नाही याची खात्री तुला या जन्मात मिळायची नाही. रोज त्या इद्रीसच्या गावाहून पत्र यायची वाट बघशील."

"सुनंदाचं लग्न मोडेल, चाचा."

"मोडेल कदाचित. तो कुठल्या ढिगातला माल आहे, ते तूच ठरव. मी बाप नाही तिचा."

मी घरी जाऊन हिराला सांगितलं. ती रडली, मग मला वाटेल ते बोलली. शेवटी म्हणाली, "त्याची घरवाली पन सात वर्सां थांबली." आणि उठून चुलीकडे गेली.

बंद लूम

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांचे कारागीर एकत्र असतात, तेव्हा मी मेन स्विच पाडला. बारा लूम एकदम थांबले. वीज गेली नसताना इतकी शांतता त्या पत्र्याखाली कोणी ऐकली नव्हती. सहाही जण माझ्याकडे बघायला लागले.

"मेरे को निमोनिया नहीं था," मी म्हटलं. "टीबी है. दवा चालू है, अभी मेरे से डर नहीं. लेकिन पहले चार महीने मैं इधर ही खांसता था. तुम्हारे धोटे को मुँह लगाता था. सबको कल मेरे साथ दवाखाने चलना है. इद्रीस, तेरे को सबसे पहले."

इद्रीसने हातातला धोटा खाली ठेवला.

"कब से मालूम है, सेठ?"

"डेढ़ महीना."

"डेढ़ महीना," तो म्हणाला. "डेढ़ महीना मेरे साथ चाय पी रहे हो. मैंने पेढ़ा खिलाया आपको." त्याचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. "दो दिन बाद मेरी गाड़ी है. बच्ची को क्या देता मैं?"

मी माफी मागितली. त्याने ती घेतली नाही आणि ते बरोबरच होतं.

दोघे कारागीर दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. बाकीचे चौघे दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी मला खोटं बोलल्याबद्दल सगळ्या रांगेसमोर झाडलं. मी धोट्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धोटा राहू द्या, त्या बंद शेडमध्ये बारा बारा तास तुमचीच हवा घेत होते सगळे." तिघे स्वच्छ निघाले. इद्रीसच्या थुंकीत जंतू सापडले.

रोग नुकताच सुरू झाला होता, लवकर पकडला, पूर्ण बरा होईल, असं त्या म्हणाल्या. पण इतक्यात गावी जायचं नाही. बाळाजवळ तर नाहीच. त्याने तिकीट रद्द केलं. ईदच्या दिवशी तो खोलीवर एकटाच होता. हिराने शीरखुर्मा करायला शेजारणीकडून शिकून घेतला आणि डबा पाठवला. डबा रिकामा धुऊन परत आला, निरोप काही आला नाही.

पुढचे महिने

आम्ही दोघे रोज सकाळी एकत्र इंजेक्शनला जायचो. मी रिक्षा थांबवायचो, तो बसायचा. परत येईपर्यंत एक शब्द नाही. कामाचं बोलायचा, दुसरं काही नाही. तिसऱ्या महिन्यात मला इतकं बरं वाटायला लागलं की गोळ्या नकोशा झाल्या, अगदी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच. मी सोडल्या नाहीत, त्याचं श्रेय माझ्या निश्चयाला नको. मी एक दिवस चुकवला असता तर इद्रीसने ते रिक्षात बघितलं असतं.

कारखान्यात आता प्रत्येक लूमला तारेचा आकडा दोरीने बांधलेला आहे. तोंड लावणाऱ्याला मी घरी पाठवतो. सुरुवातीला शेजारचे मालक हसायचे. गूळही मी बंद केला. खोकला पंधरा दिवसांहून जास्त राहिला की एक्स-रे काढायचा, हा आमच्याकडचा नियम झाला.

पडघ्याच्या मंडळींना कुठून तरी कळलं. त्यांनी नकार दिला नाही, नुसतेच बोलायचे थांबले. मी सुनंदाची माफी मागायला बसलो, तर ती म्हणाली, "बाबा, मी त्या घरात गेल्यावर आजारी पडले असते तर?" तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिचं लग्न तीन वर्षांनी खारबावला झालं. मुलाकडच्यांना पहिल्याच बैठकीत मी माझ्या क्षयाचं सांगितलं. माझ्या व्याह्याने पाणी पिता पिता विचारलं, "बरा झाला ना? मग जेवायला वाढा."

तुम्हाला माझं सांगणं थोडंच आहे. गोळी चुकवू नका. पेला भिंतीवर आपटू नका, आणि आपटलात तर नंतर हसा. तुमच्या जवळ ज्यांनी श्वास घेतला त्यांना आजच सांगा, माझ्यासारखा दीड महिना घालवू नका. लोक सोडून जातील याची भीती वाटते. काही जातात. पण सांगितलं त्याच दिवशी मी दुपारी जेवलो आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपलो, असा मी महिनोन्‌महिने झोपलो नव्हतो.

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी इद्रीसची थुंकी पुन्हा तपासली आणि म्हणाल्या, जा. पुढच्या गोळ्या बांधून दिल्या. तो मला न सांगताच गाडीत बसला.

त्याने गावाहून पत्र पाठवलं ते मला नाही, हकीमचाचांना. उर्दूतलं होतं. चाचांनी मला दुकानात बोलावून घेतलं, चष्मा लावला आणि वाचू लागले. घरची खुशाली, पावसाची वाट, गोळ्या वेळेवर घेतोय. शेवटी दोन ओळी होत्या. "सेठ को सलाम मत कहना, मैं अभी भी नाराज़ हूँ. मगर इतना बता देना कि मुन्नी को जी भर के चूमा, और चूमते वक़्त डर नहीं लगा."

चाचांनी पत्र खाली ठेवलं. त्या ग्रीक माणसाचं नाव त्यांनी काढलं नाही. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला त्यांनी हाताने थांबायला सांगितलं.

मी म्हटलं, "चाचा, परत वाचा."